निरंतर साहाय्यमातेची प्रत: कामाच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२३

वसईच्या किनारपट्टीवरील एका गावातील चॅपेलसाठी निरंतर साहाय्यमातेच्या (म्हणजे येशूची आई मरिया हिच्या) चित्राची हाताने रंगवलेली प्रत तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले. तेथे आजवर काचेच्या चौकटीतील छापील तसबीर होती. खाऱ्या, दमट हवेने तिचा कागद मागून काळवंडला, काचेला चिकटला आणि बाळ येशूचा चेहरा जवळजवळ नाहीसा झाला. नवी तसबीर आणून लावणे सोपे होते. परंतु गावातील वडीलधाऱ्यांनी असे ठरवले की, ज्या चित्रासमोर कित्येक वर्षे संध्याकाळची जपमाळ होत आली, ते चित्र मूळ ज्या पद्धतीने घडले त्याच पद्धतीने, म्हणजे लाकडी फळीवर, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी आणि सोन्याच्या वर्खाने घडवून घ्यावे. या नोंदी त्यांच्यासाठी आहेत, आणि पुढे कधी ज्याला या प्रतीची डागडुजी करावी लागेल त्या कारागिरासाठीही आहेत.

मूळ चित्र रोममध्ये, मेरुलाना रस्त्यावरील संत आल्फोन्सस यांच्या चर्चमध्ये आहे. त्याची उंची सुमारे ५४ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे ४१.५ सेंटिमीटर आहे. फळी अक्रोडाच्या लाकडाची आहे आणि मागची सर्व जागा सोन्याने मढवलेली आहे. मरिया कमरेपर्यंत दिसते. तिच्या डाव्या हातावर बाळ येशू आहे. वर दोन्ही बाजूंना दोन महादूत आहेत: पाहणाऱ्याच्या डावीकडे मिखाएल, त्याच्याजवळ भाला, बोरूवर खोचलेला स्पंज आणि आंबट द्राक्षारसाचे भांडे, उजवीकडे गाब्रिएल, त्याच्याजवळ क्रूस आणि खिळे. बाळाने मान मागे वळवून वर पाहिले आहे आणि दोन्ही हातांनी आईचा उजवा हात धरला आहे. त्याच्या एका पायातील वहाण सुटून पट्ट्याला लोंबकळते आहे.

या मातेचा सण २७ जूनला येतो. प्रत मात्र पावसाळ्यापूर्वी जागेवर बसली पाहिजे, कारण सरसावर आधारलेले अस्तर आणि ताजा बलक या दोन्ही गोष्टी जून महिन्यातील हवेत नीट सुकत नाहीत आणि त्यांना बुरशी धरते.

२२ नोव्हेंबर २०२३

रंगकामाआधी चित्राचा इतिहास गावकऱ्यांसाठी थोडक्यात लिहून काढला, कारण प्रतीबरोबर भिंतीवर एक मराठी माहितीफलक लागणार आहे.

पूर्वी चित्रासोबत असलेल्या लेखात त्याची हकिकत दिलेली होती. क्रीट बेटावरील एका व्यापाऱ्याने हे चित्र तेथून चोरून जहाजावर आणले. वाटेत मोठे वादळ झाले, पण जहाज वाचले आणि व्यापारी पुढे रोमला पोहोचला. तेथे मरणशय्येवर असताना त्याने मित्राकडून वचन घेतले की, हे चित्र एखाद्या चर्चमध्ये भक्तांसाठी ठेवले जाईल. मित्राच्या पत्नीला ते घरातच हवे होते, म्हणून वचन पाळले गेले नाही. अखेर मरियेने घरातील लहान मुलीला दर्शन देऊन, आपल्याला संत मरियेचे महामंदिर आणि लॅटरनचे संत योहानाचे महामंदिर यांच्या मधल्या चर्चमध्ये ठेवावे, असे सांगितल्याचे या हकिकतीत येते. ते चर्च म्हणजे संत मत्तयाचे चर्च होय. २७ मार्च १४९९ रोजी चित्र तेथे नेण्यात आले आणि पुढील जवळजवळ तीनशे वर्षे ते तेथेच राहिले.

१७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने रोमचा ताबा घेतल्यानंतर संत मत्तयाचे चर्च पाडले गेले. ते सांभाळणाऱ्या ऑगस्टिनियन धर्मबंधूंनी चित्र वाचवले. पुढे ते तिबेर नदीजवळच्या पोस्तेरुला येथील त्यांच्या लहान चर्चमध्ये आले, पण तेथे दुसऱ्या मरियाप्रतिमेची भक्ती आधीच रुजलेली असल्यामुळे हे चित्र आतल्या प्रार्थनाकक्षात राहिले. लोक त्याला विसरले. आगोस्तिनो ओर्सेत्ती नावाचे एक वृद्ध धर्मबंधू मात्र विसरले नाहीत. दृष्टी जवळजवळ गेलेली असतानाही ते वेदीसेवा करणाऱ्या मिकेले मार्की या मुलाला पुन्हा पुन्हा सांगत असत की, संत मत्तयाच्या चर्चमधील माता ती हीच, हे लक्षात ठेव. हा मुलगा मोठा होऊन रिडेम्प्टरिस्ट या धर्मगुरूंच्या संघात दाखल झाला, आणि योगायोग असा की, या संघाने रोममध्ये आपल्या मठासाठी घेतलेल्या जमिनीतच पाडलेल्या चर्चची जागा होती. १८६३ मध्ये ब्लोसी या जेझुइट धर्मगुरूंनी आपल्या प्रवचनात हरवलेल्या चित्राचा विषय काढला, तेव्हा मार्की यांनी ते कोठे आहे ते सांगितले. पोप नववे पायस यांनी ११ डिसेंबर १८६५ रोजी चित्र रिडेम्प्टरिस्टांकडे सोपवण्याचा आदेश दिला; जानेवारी १८६६ मध्ये ते आणले गेले आणि २६ एप्रिल १८६६ रोजी मिरवणुकीने वाजतगाजत चर्चमध्ये स्थापन झाले.

फलकावर जागा कमी आहे, तरी ओर्सेत्ती यांचे नाव मी गाळणार नाही. पोपांचा आदेश, मिरवणूक आणि नंतरची जगभरची भक्ती हे सगळे एका अंध होत चाललेल्या वृद्धाच्या आठवणीवर उभे आहे, आणि चॅपेलमध्ये नातवंडांना प्रार्थना शिकवणाऱ्या आजीआजोबांना हे माहीत असले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

३० नोव्हेंबर २०२३

प्रत करायची म्हणजे नेमकी कशाची, हा प्रश्न या कामात पहिल्यापासून उभा आहे. मूळ चित्र आज जसे दिसते तसे ते एका हाताचे काम नाही. १८६६ मध्ये सार्वजनिक स्थापनेपूर्वी रोममध्ये राहणारे पोलिश चित्रकार लेओपोल्ड नोवोट्नी यांनी त्याची दुरुस्ती केली. पुढे १९९० च्या दशकात व्हॅटिकनच्या संग्रहालयांतील तंत्रज्ञांनी क्ष-किरण, अवरक्त आणि अतिनील प्रकाशात त्याची तपासणी केली. कार्बन चाचणीत लाकडाचा काळ १३२५ ते १४८० यांच्या दरम्यानचा निघाला. आणि रंगांच्या तपासणीतून असे दिसले की, दोन्ही चेहऱ्यांचे मूळचे पौर्वात्य वळण नंतर दिलेल्या छायेमुळे बदलले असून ते काहीसे पाश्चात्त्य दिसू लागले आहेत. घराघरांतील छापील तसबिरींनी हा बदल आणखी पुढे नेला: गालांवर गुलाबी छटा आली, ओठ भरले आणि डोळे मृदू झाले.

क्रीटच्या चित्रकारांना दोन्ही शैली अवगत होत्या, हेही येथे नोंदवले पाहिजे. बेटावर व्हेनिसची सत्ता होती आणि कांदिया शहरातील चित्रशाळा ग्रीक तसेच लॅटिन अशा दोन्ही परंपरांच्या ग्राहकांसाठी काम करत असत. ४ जुलै १४९९ रोजी कांदियात झालेला एक करार उपलब्ध आहे. त्यात दोन व्यापाऱ्यांनी तीन चित्रकारांकडे मरियेची ७०० चित्रे मागितली असून त्यांपैकी ५०० लॅटिन पद्धतीची आणि २०० ग्रीक पद्धतीची हवी होती. म्हणजे ज्या वर्षी हे चित्र रोमच्या चर्चमध्ये ठेवले गेले, त्याच वर्षी कांदियाहून अशी चित्रे शेकड्यांनी बाहेर जात होती. भक्तिचित्र मोठ्या संख्येने घडले म्हणून त्याची पवित्रता उणावते, असे त्या काळच्या लोकांना वाटत नव्हते, आणि मलाही वाटत नाही. आपण आज करत असलेली प्रत त्याच लांबलचक साखळीतील एक कडी आहे.

ठरवले ते असे. मांडणी, रंग आणि खुणा आजच्या मूळ चित्राप्रमाणे ठेवायच्या. चेहरे मात्र पंधराव्या शतकातील क्रीटच्या हाताच्या जवळ न्यायचे, आणि त्यासाठी कांदियाचे चित्रकार आंद्रेआस रित्झोस यांची याच प्रकारची चित्रे आधाराला घ्यायची. या चित्रप्रकाराला दुःखसहनाची माता म्हणतात, कारण त्यात बाळपणीच क्रूसाची साधने पुढे येतात. हा प्रकार रित्झोस यांच्याहून जुना आहे. सायप्रस बेटावरील लागुदेरा येथील चर्चमध्ये ११९२ चे एक भित्तिचित्र आहे, ज्यात मरियेच्या दोन्ही बाजूंना देवदूत अशीच साधने घेऊन आलेले दिसतात.

९ डिसेंबर २०२३

फळी तयार झाली. अक्रोडाऐवजी शिवणीचे लाकूड घेतले आहे, कारण ते हलके असते, वाळल्यावर फारसे वाकत नाही आणि सागाप्रमाणे तेलकट नसल्यामुळे सरस धरून ठेवते. मागे दोन आडव्या पट्ट्या खाचेत सरकवून बसवल्या आहेत. त्या चिकटवलेल्या नाहीत, म्हणजे ऋतूप्रमाणे फळी फुगली किंवा आकसली तरी तिला हालचालीला वाव राहील. आकार मूळच्या दीडपट, म्हणजे ८१ बाय ६२ सेंटिमीटर ठेवला. मूळ आकारात चित्र घरातील प्रार्थनेसाठी योग्य आहे, परंतु चॅपेलमध्ये शेवटच्या बाकावरून बाळाची वहाण दिसली पाहिजे.

१९ डिसेंबर २०२३

अस्तराचे काम पूर्ण. प्रथम फळीला पातळ सरस पाजला, त्यावर जुने, धुतलेले सुती कापड सरसात भिजवून बसवले आणि ते सुकल्यावर खडूच्या पुडीचे सरसात कालवलेले थर एकावर एक दिले. सरस रात्रभर पाण्यात भिजवून मंद आचेवर गरम करावा, उकळू देऊ नये, कारण उकळल्यास त्याचा चिकटपणा जातो. प्रत्येक थर आधीच्या थराच्या आडव्या दिशेने दिला. सुकल्यावर बारीक घासकागदाने घासून पृष्ठभाग इतका गुळगुळीत केला आहे की बोट फिरवले तरी कोठे अडत नाही. डिसेंबरातील कोरडी हवा या कामाला फार अनुकूल ठरली.

३ जानेवारी २०२४

रेखांकन फळीवर उतरवले आणि मुख्य रेषा टोकदार सुईने अस्तरात हलकेच कोरल्या, म्हणजे वर्ख आणि रंग चढल्यावरही त्या हरवणार नाहीत.

बाळाच्या मानेपाशी बराच वेळ थांबलो. त्याचे धड आईकडे आहे, पाय एकमेकांवर आलेले आहेत आणि मान मात्र पूर्ण उलट दिशेला, गाब्रिएलाच्या हातातील क्रूसाकडे वळली आहे. छापील तसबिरींत ही मान सैल होते आणि बाळ नुसते वर बघत आहे असे वाटते. मूळ चित्रात तो पीळ स्पष्ट आहे. कोणीतरी मागून आल्याची चाहूल लागून मूल दचकते, हात आईचा शोध घेतात आणि मान मागे वळते, असा तो क्षण आहे, आणि त्याच झटक्यात वहाण सुटली आहे. वहाणेचे अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावले आहेत. जुन्या करारातील रूथच्या पुस्तकात वहाण काढून देणे ही सोडवणुकीच्या व्यवहाराची खूण आहे, त्या आधारे काही जण तिच्यात मुक्तीचे चिन्ह पाहतात. तो अर्थ सुंदर आहे, पण मला आधी दिसते ते भ्यालेले मूल.

या वाचनाला चित्रपरंपरेतच आधार आहे. रित्झोस यांच्या अशाच चित्रावर चार ओळींचे काव्य लिहिलेले असते. त्याचा आशय असा की, ज्याने पूर्वी त्या परमशुद्ध कन्येला आनंदाची वार्ता दिली तोच आता दुःखसहनाची चिन्हे दाखवतो आहे. आणि ख्रिस्ताने मर्त्य देह धारण केला असल्यामुळे मृत्यूच्या भयाने ती पाहून तो घाबरतो. या ओळी कळल्यापासून गाब्रिएलाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. जपमाळेच्या प्रत्येक मण्यावर आपण ज्या शब्दांनी मरियेला नमन करतो त्यांची सुरुवात गाब्रिएलाने केली, आणि येथे तोच देवदूत क्रूस घेऊन उभा आहे. त्याचे हात वस्त्राने झाकलेले आहेत, जसे पवित्र वस्तू हाताळताना झाकतात. म्हणजे तो धमकावायला आलेला नाही. तो आदराने आणि जड अंतःकरणाने आलेला आहे. दोन्ही देवदूतांचे झाकलेले हात रेखाटताना वस्त्राची प्रत्येक घडी मूळप्रमाणेच राहील याची काळजी घेतली.

आईच्या उजव्या हाताची रेषा सर्वांत शेवटी कोरली. बाळ तिला घट्ट धरते, पण तिची बोटे मिटलेली नाहीत. ती त्याला हात देते आणि त्याच बोटांनी पाहणाऱ्याला त्याच्याकडे निर्देश करते. बोटे जराशी जरी वाकली तरी हा दुहेरी अर्थ जाईल.

१० जानेवारी २०२४, बुधवार

माहीमच्या संत मिखाएलाच्या चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला गेलो. फळीवरचे रेखांकन पुढे नेण्याआधी हे चित्र लोक कसे पाहतात ते डोळ्यांनी पाहावे, एवढाच हेतू होता. येथील बुधवारची नोव्हेना ८ सप्टेंबर १९४८ रोजी फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी सुरू केली; त्यांनी बेलफास्टमध्ये अशी भक्ती पाहिली होती. त्याच वर्षी जूनमध्ये मनिलाजवळच्या बाक्लारान येथेही बुधवारची नोव्हेना सुरू झाली. आज माहीमला सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या भाषांतून प्रार्थना होतात आणि येणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती सगळेच असतात. नऊ बुधवार न चुकता येण्याचा नेम पुष्कळ जण पाळतात. बाहेर मेणाची घरे, हात, पाय आणि बाळे विकायला असतात, ज्याची जी मागणी तसे मेण.

चर्चचा वसईशीही एक जुना संबंध आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेच्या काळात वांद्र्याच्या डोंगरावरील मरियेची मूर्ती सुरक्षिततेसाठी याच चर्चमध्ये आणली गेली आणि १७६१ पर्यंत ती येथेच होती. म्हणजे निरंतर साहाय्यमातेची नोव्हेना सुरू होण्याच्या पुष्कळ आधीपासून मरियेला आश्रय देणारी ही जागा आहे.

मला पाहायचे होते ते पाहिले. चित्रासमोर आलेले लोक बाळाकडे किंवा देवदूतांकडे आधी पाहत नाहीत. ते मातेच्या डोळ्यांकडे पाहतात आणि तेथेच थांबतात. चित्रकार म्हणून मी वहाणेचा आणि मानेचा विचार करत होतो, पण ज्यांच्यासाठी हे काम आहे त्यांची नजर सर्वप्रथम तिच्या नजरेला भिडते.

२१ जानेवारी २०२४

धर्मग्राम समितीची बैठक झाली. रेखांकनाचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. एका तरुणाने विचारले की, मरियेला आपल्याकडील लुगडे नेसवले तर चालणार नाही का. प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर नीट द्यावे असे वाटले.

अशी मरिया आपल्याकडे पूर्वीच रंगवली गेली आहे आणि ती फार मोठ्या योग्यतेच्या कलावंताने रंगवली आहे. गोव्यातील सांतु इस्तेव्ह येथे १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनमध्ये शिकले, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले आणि १९६७ मध्ये पुण्यातच वारले. त्यांची मरिया साडी नेसते, भारतीय अंगणात बसते आणि तिचे बाळ आपल्याकडील बाळांसारखे दिसते. त्यांच्या हयातीत त्यांना या चित्रांसाठी स्वकीयांचाच विरोध सहन करावा लागला. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात आहे आणि समितीने एकदा मुद्दाम तेथे जाऊन यावे, असे मी सुचवले.

परंतु फोन्सेका यांनी कोणाची प्रत केली नाही. त्यांनी स्वतःच्या ध्यानातून नवे चित्र उभे केले. आपल्या चॅपेलमध्ये जे चित्र काळवंडून गेले ते पुन्हा हवे आहे, आणि वेशभूषा बदलली की ते वेगळे चित्र होईल. गावाला पुढे कधी लुगड्यातील मरिया हवी असेल तर ती स्वतंत्रपणे, तितक्याच श्रमाने करावी. समितीला हे पटले.

६ फेब्रुवारी २०२४

सोन्याचे काम झाले. प्रभावलये आणि मोकळी पार्श्वभूमी एवढ्या भागावर तांबड्या मातीचे सरसात कालवलेले लेप दिले, कारण त्या मऊ लेपामुळे वर्खाला ओप येतो आणि वर्ख जेथे विरळ असतो तेथे खालून उबदार रंग डोकावतो. वर्ख चोवीस कॅरटचा वापरला. मिठाईवरचा वर्ख या कामाला चालत नाही, हे गावात अनेकांनी विचारले म्हणून लिहून ठेवतो. लेप ओलसर करून वर्ख ठेवला, काही तासांनी अकिकाच्या दगडाने हळूहळू घासून ओप दिला. पंखा बंद आणि खिडक्या लावून काम करावे लागते, कारण नुसत्या श्वासानेही वर्ख उडतो. प्रभावलयांतील नक्षी त्यानंतर बोथट टोकाने दाबून काढली.

सोने येथे श्रीमंतीसाठी नाही. या चित्रांत मागे आकाश, डोंगर किंवा खोली नसते. जेथे काळ आणि जागा संपतात तेथील प्रकाश म्हणून सोने असते. मेणबत्तीसमोर ते हलते, आणि विजेच्या सपाट दिव्याखाली मरून जाते. चॅपेलमधील दिव्याच्या जागेबद्दल समितीला वेगळे लिहिले आहे.

२४ फेब्रुवारी २०२४

वस्त्रांचे रंग पूर्ण झाले. मरियेचा आतला झगा लाल, वरचे वस्त्र गडद निळे आणि त्याचे अस्तर हिरवे. बाळाचा झगा हिरवा, कमरेला लाल पट्टा आणि खांद्यावरून सोनेरी तपकिरी वस्त्र. लालसाठी गेरू आणि वर थोडा हिंगूळ, हिरव्यासाठी मातीचा रंग, काळ्यासाठी काजळी घेतली. बलक पडद्यातून काढून, त्यात पाणी आणि व्हिनेगरचे काही थेंब घालून दररोज ताजा केला. हे रंग लगेच सुकतात, पसरवून मिसळता येत नाहीत, म्हणून छटा बारीक रेषांच्या शेजारी रेषा देऊन उभी करावी लागते. निळ्या वस्त्राच्या घड्यांवरील सोनेरी रेषा शेवटी दिल्या.

१३ मार्च २०२४

गेले काही दिवस चेहऱ्यांवर काम चालू आहे आणि आज मरियेचा चेहरा पूर्ण झाला.

पद्धत अशी की, संपूर्ण त्वचेवर प्रथम हिरवट काळपट रंगाचा थर द्यायचा आणि मग त्यावर पिवडी, गेरू व सफेदा यांच्या मिश्रणाने कपाळ, नाकाचा दांडा, गाल आणि हनुवटी असे उंच भाग टप्प्याटप्प्याने उजळत न्यायचे. खालचा काळोख डोळ्यांभोवती आणि मानेच्या कडेला तसाच ठेवायचा. पाश्चात्त्य पद्धतीत गोऱ्या त्वचेवर सावली टाकली जाते. येथे उलट, चेहरा अंधारातून वर येतो. यामुळे तेच नाक, तेच डोळे असूनही भाव पूर्णपणे वेगळा होतो. सर्वांत वर पांढऱ्याच्या अगदी थोड्या, केसासारख्या बारीक रेषा येतात आणि त्या दिल्यावर थांबायचे असते.

नाक लांब आणि अरुंद, तोंड लहान आणि मिटलेले, पापण्या जड. स्मित नाही. समितीतील दोन भगिनी चेहरा पाहायला आल्या होत्या. त्यांना माता फार दुःखी वाटली आणि जुन्या तसबिरीतील गोडवा आठवला. त्यांचे म्हणणे मी मनावर घेतले, पण बदल केला नाही. कारण बाळ भ्याले आहे, क्रूस समोर आहे आणि माता हे सर्व जाणते. जाणणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर गोड हसू आले तर ती काहीच जाणत नाही असे होईल, आणि मग तिच्यापुढे आपले आजारपण, नोकरी, हरवलेले मूल घेऊन उभे राहणाऱ्याने काय करावे? तिचे साहाय्य निरंतर आहे ते तिला दुःख ठाऊक आहे म्हणून.

तिची नजर कोठे आहे, हा या चित्राचा प्राण आहे. ती बाळाकडे पाहत नाही, देवदूतांकडेही पाहत नाही. दोन्ही बुबुळे पाहणाऱ्याकडे आहेत. बाळ तिच्या कुशीत सुरक्षित आहे, हात त्याच्या हातात आहे, आणि त्या स्थितीतही तिचे लक्ष समोर उभ्या असलेल्या माणसाकडे आहे. बुबुळांची जागा एका केसाने सरकली तरी नजर भलतीकडे जाते, म्हणून फळी चॅपेलमधील ठरलेल्या उंचीवर उभी करून, बाकांच्या अंतरावरून वारंवार पाहून मगच ती पक्की केली. भगिनींना पुन्हा बोलावून त्याच अंतरावर बसवले. त्या बऱ्याच वेळ बसल्या, आणि जाताना चेहरा असाच राहू द्या असे म्हणाल्या.

२७ मार्च २०२४

पवित्र सप्ताहातील बुधवार. रोममध्ये हे चित्र संत मत्तयाच्या चर्चमध्ये नेले गेले त्याची आज ५२५ वर्षे पूर्ण होतात.

आज अक्षरे लिहिली. वर दोन्ही बाजूंना देवाची माता या अर्थाच्या ग्रीक शब्दांचे संक्षेप, बाळाजवळ येशू ख्रिस्त याचा संक्षेप आणि देवदूतांच्या डोक्यांजवळ महादूत मिखाएल व महादूत गाब्रिएल यांची अक्षरे येतात. अक्षरे ग्रीकच ठेवली, मराठी फलकावर त्यांचा अर्थ दिला आहे. नाव लिहिल्याशिवाय पवित्र चित्र पूर्ण होत नाही, अशी पूर्वेकडील चर्चची धारणा आहे.

मिखाएलाजवळील भाला, स्पंज आणि भांडे यांवरील शेवटच्या रेषाही आजच दिल्या. परवा शुभ शुक्रवारी याच वस्तूंचे वाचन चर्चमध्ये होईल.

११ एप्रिल २०२४

मरियेच्या कपाळावरील आठ टोकांचा तारा आणि त्याच्या शेजारची लहान क्रूसासारखी खूण पूर्ण केली. समितीतून मुकुटाची मागणी आली. २३ जून १८६७ रोजी रोममध्ये या चित्राचा राज्याभिषेक झाला आणि तेव्हा मातेच्या व बाळाच्या मस्तकांवर मुकुट बसवले गेले. पुष्कळ जुन्या तसबिरींत ते दिसतात आणि आपल्या काळवंडलेल्या तसबिरीतही ते होते. मूळ चित्रावरून ते आता काढलेले आहेत. भक्तीने अर्पण केलेल्या त्या मुकुटांचा अनादर मुळीच नाही, पण धातू बसवण्यासाठी फळीला भोके पाडावी लागतील आणि मुकुटाखाली तारा अर्धा झाकला जाईल. त्याऐवजी सणाच्या दिवशी चौकटीच्या वरच्या कडेला फुलांचा मुकुट बांधता येईल अशी आकडी बसवून देतो, असे सुचवले आणि ते मान्य झाले.

४ मे २०२४

प्रत चॅपेलमध्ये बसवली. धर्मगुरू सणाच्या नोव्हेनेच्या पहिल्या दिवशी तिला आशीर्वाद देतील.

काही सूचना येथे आणि चॅपेलच्या वहीत अशा दोन्ही ठिकाणी लिहून ठेवत आहे. बलकाचे रंग पूर्ण घट्ट होण्यास काही महिने लागतात, म्हणून जवसाच्या तेलाचा शेवटचा हात आता दिलेला नाही. तो डिसेंबरात, कोरड्या हवेत देईन. तोपर्यंत पुढे काच आहे, पण ती चित्राला न टेकता दोन बोटे पुढे बसवली आहे आणि चौकटीला खालून-वरून हवेसाठी फटी ठेवल्या आहेत. त्या कोणी कागदाने किंवा कापडाने बंद करू नयेत. मागच्या भिंतीपासून फळी लाकडी ठोकळ्यांवर अलग ठेवली आहे, कारण पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. पुसण्यासाठी ओले फडके, तेल किंवा कसलाही साबण वापरू नये. मऊ कोरड्या कुंचल्याने चौकटीवरील धूळ झाडावी आणि काचेच्या आत हात घालू नये. मेणबत्त्यांचे स्टँड हातभर पुढे ठेवावे, म्हणजे उजेड सोन्यावर पडेल पण काजळी चढणार नाही. हार चौकटीला घालावा, चित्राला टेकवू नये. जुनी छापील तसबीर टाकून देऊ नये, अशी माझी विनंती होती. ती कोरड्या कपाटात, सुती कापडात गुंडाळून चॅपेलच्या दप्तराबरोबर ठेवली आहे.

ऑगस्टमध्ये पावसाचा जोर असताना एकदा येऊन फळीच्या मागच्या पट्ट्या सरकतात की नाही ते पाहायचे आहे.